चार दारं, एक बांबोळी

वास्कोत राहणाऱ्या एखाद्या माणसाला डॉक्टरांनी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं, तर ते कुठे करायचं? हर्निया सगळ्यांचा सारखाच, पण उत्तर मात्र माणसागणिक बदलतं. तो नौदलात असेल तर ‘आयएनएचएस जीवंती’. बंदरात कामाला असेल तर हेडलँड सड्यावरचं बंदराचं इस्पितळ. कारखान्यात महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार घेत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं इस्पितळ, आणि त्यासाठी मडगावची वारी. यातलं काहीच नसेल तर चिखलीचं सरकारी उपजिल्हा इस्पितळ. आणि खिशात पैसे किंवा हातात राज्याच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड असेल तर खासगी इस्पितळाचाही पर्याय आहेच.

भारताची आरोग्यव्यवस्था चांगली की वाईट, सरकारी बरी की खासगी, असे वाद आपण घालत असतो. पण ‘भारताची आरोग्यव्यवस्था’ नावाची एकसंध गोष्ट अस्तित्वातच नाही. आहेत त्या तीन-चार वेगवेगळ्या व्यवस्था, शेजारीशेजारी नांदणाऱ्या, एकमेकींशी फारसं न बोलणाऱ्या. त्या सगळ्या एकाच ठिकाणी बघायच्या असतील, तर वास्कोच्या मुरगाव तालुक्यासारखी जागा शोधून सापडणार नाही.

जगातले चार मार्ग

उपचाराचे पैसे कुणी द्यायचे, या प्रश्नाला जगानं ढोबळमानानं चार उत्तरं दिली आहेत.

पहिलं जर्मनीचं. 1883 मध्ये बिस्मार्कच्या सरकारनं कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. थोडे पैसे कामगाराच्या पगारातून, थोडे मालकाकडून आणि त्या निधीतून उपचार. आपली ईएसआय योजना याच घराण्यातली. तिचा मूळ कायदा 1948 चा. आज मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगार 0.75 टक्के. विमा हा शेवटी भिशीसारखाच असतो: भरणारे जितके जास्त आणि जितके वेगवेगळ्या परिस्थितीतले, तितकी ती टिकाऊ. भिशीत एकाच वेळी सगळेच अडचणीत आले तर ती बुडते. नुसते म्हातारे आणि आजारी माणसं घेऊन चालवलेला विमाही तसाच बुडतो. म्हणून धडधाकट माणसालाही त्यात सक्तीनं बसवावं लागतं.

दुसरं उत्तर ब्रिटनचं. 1942 च्या बेव्हरिज अहवालातून निघालेली आणि 5 जुलै 1948 ला आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी सुरू केलेली राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे ‘एनएचएस’. तिथे विमा नाही, हप्ता नाही; करातून पैसा येतो, इस्पितळं सरकारची आणि दारात बिल नाही. चिखलीचं इस्पितळ, पेडणे आणि डिचोलीची सामाजिक आरोग्य केंद्रं आणि बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपलं ‘गोमेकॉ’, ही सगळी याच तत्त्वावर उभी आहेत.

तिसरं कॅनडाचं. पैसे सरकारचे, पण उपचार करणारे डॉक्टर बहुतांशी स्वतंत्र. गोव्याची 2016 ची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणि 2018 ची केंद्राची आयुष्मान भारत योजना या वळणाच्या आहेत. दीनदयाळमध्ये किमान 5 वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबानं वर्षाला तिघांपर्यंत 200 रुपये आणि त्याहून मोठ्या कुटुंबानं 300 रुपये भरायचे. त्या बदल्यात अनुक्रमे अडीच लाख आणि 4 लाखांपर्यंतचा उपचार. ऑपरेशन खासगी इस्पितळात झालं, तरी बिल योजनेकडे जातं.

चौथं उत्तर म्हणजे काहीच व्यवस्था नसणं. आजारी पडलात तर तुमचे तुम्ही पैसे काढा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 64.2 टक्के रक्कम लोकांच्या खिशातून जात होती. 2021-22 मध्ये हे प्रमाण 39.4 टक्क्यांवर आलं. घट मोठी आहे, पण अजूनही दर 10 रुपयांतले जवळजवळ 4 रुपये पेशंटच मोजतो, आणि तेही नेमके आजारपणात, कमाई थांबलेली असताना.

देश सहसा यातला एक मार्ग मुख्य म्हणून धरतात. आपण चारही धरले. त्यामुळे नोकरी बदलली की माणसाचं इस्पितळ बदलतं आणि नोकरी सुटली की दार बंद होतं. कारखान्यातला कामगार कंत्राट संपल्यावर ईएसआयमधून बाहेर पडतो, पण त्याचा मधुमेह काही कंत्राटाबरोबर संपत नाही.

भोर समितीचा नकाशा

असं व्हायचं नव्हतं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीनं देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला. ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे त्यातलं सूत्र. रचना तीन मजली: खाली गावाजवळचं प्राथमिक केंद्र, मध्ये बऱ्यापैकी सज्ज इस्पितळ आणि वर जिल्ह्याचं मोठं इस्पितळ. आजार जितका गुंतागुंतीचा, तितका पेशंट वर जायचा आणि बरा झाला की पुढच्या देखरेखीसाठी खाली परत यायचा.

गोवा तेव्हा भारतात नव्हता. इथली वैद्यकीय परंपरा वेगळी आणि जुनी. पणजीत 1842 मध्ये ‘इश्कोला मेदिका’ सुरू झाली. तिथे शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींपर्यंत सेवेला गेले. म्हापशाचं आझिलो आणि मडगावचं हॉस्पिसियो ही नावंही त्याच काळातली. आज त्यांच्या जागी जिल्हा इस्पितळं आली तरी लोकांच्या तोंडी जुनीच नावं आहेत. मुक्तीनंतर 1963 मध्ये इश्कोलाचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि पुढे ते पणजीच्या कांपालहून बांबोळीच्या पठारावर गेलं. कांपालच्या जुन्या इमारतीत आता इफ्फीच्या वेळी सिनेमाचे रसिक जमतात.

थोडक्यात, वरचा मजला गोव्याला आधीच मिळाला. खालचा मजलाही इतर राज्यांच्या मानानं चांगला उभा राहिला. पेडण्यातलं कासारवर्णे असो की डिचोलीतलं मये, प्राथमिक आरोग्य केंद्र फार लांब नसतं. अडचण आहे ती मधल्या मजल्याची.

गोव्यातल्या कुठल्याही मराठी दैनिकातली अपघाताची बातमी काढून बघा. शेवटचं वाक्य बहुधा ठरलेलं: ‘प्राथमिक उपचारानंतर पुढील उपचारांसाठी बांबोळीला हलवण्यात आले.’ पाय मोडला, बांबोळी. बाळंतपणात अडचण आली, बांबोळी. सीटी स्कॅन हवा, बांबोळी. तालुक्याच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ त्या दिवशी नसेल तर शस्त्रक्रियागृह, खाटा आणि सर्जन असूनही ऑपरेशन होत नाही. रात्री रेडिओलॉजिस्ट नसेल तर यंत्र असून नसल्यासारखं. एक कडी निसटली की अख्खी साखळी बांबोळीला जाते. तिथे मग मेंदूच्या गाठीचा पेशंट आणि साध्या फ्रॅक्चरचा पेशंट एकाच रांगेत येतात, आणि आपण म्हणतो, गोमेकॉत किती गर्दी!

वास्कोकरांना या प्रवासाचा पुरेपूर अनुभव आहे. वास्को ते बांबोळी अंतर जेमतेम 25 किलोमीटरच्या आसपास, पण वाटेत झुआरी नदी. नवा पूल डिसेंबर 2022 मध्ये खुला होईपर्यंत कुठ्ठाळीच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकणं ही नित्याची गोष्ट होती. आरोग्याच्या अंदाजपत्रकात पुलाचा खर्च कधीच दिसत नाही. पण वास्कोच्या पेशंटसाठी त्या पुलाचं मोल एखाद्या वॉर्डाइतकंच आहे.

पेडण्यात हाच प्रश्न तुये इथल्या नव्या इस्पितळाच्या रूपानं उभा आहे. इमारत झाली, पण ते पूर्ण क्षमतेनं कधी चालणार आणि गोमेकॉशी जोडलं जाणार की नाही, यावरून तालुक्यात वर्षानुवर्षं वाद झाले. त्याच तालुक्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालं, मोपाचा विमानतळ झाला. पेडणेकरांची तक्रार साधी आहे: विमान गावात उतरतं, मग रात्री दोन वाजता सिझेरियन गावात का होऊ नये? हा प्रश्न विचारायला फार अभ्यास लागत नाही. उत्तर द्यायला मात्र लागतो, कारण इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. तिथे चोवीस तास राहायला तयार असलेली भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिकांची फळी तशी उभी राहत नाही. भूमिपूजनाचा फोटो निघतो, पदभरतीचा निघत नाही.

मधला मजला चालला की काय होतं

मधला मजला चालवणं अशक्य आहे, असं मात्र नाही. 2018 च्या अखेरीस सुरू झालेला ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प हे त्याचं घरचं उदाहरण.

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं पूर्ण बंद होते, त्या प्रकारच्या झटक्याला डॉक्टर ‘स्टेमी’ म्हणतात. रक्त थांबलं की हृदयाचा स्नायू मरू लागतो आणि मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. म्हणून इथे उपचार किती भारी यापेक्षा तो किती लवकर, हे महत्त्वाचं. पूर्वी पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या पेशंटला गाडीत घालून थेट बांबोळीला न्यायचं, मग ईसीजी, मग निदान. तोवर मोलाचा वेळ रस्त्यावर संपलेला असायचा.

या प्रकल्पात क्रम उलटा केला. तालुक्याच्या केंद्रातच छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी काढायचा. तो ऑनलाइन तज्ज्ञांकडे जातो आणि थोड्याच मिनिटांत निदान परत येतं. झटका असल्याचं नक्की झालं, तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेझचं इंजेक्शन तिथल्या तिथे, फुकट दिलं जातं. बाजारात या इंजेक्शनला हजारो रुपये मोजावे लागतात. त्यानंतर पेशंट अँजिओग्राफीसाठी बांबोळीला जातो, पण आता तो सावरलेल्या अवस्थेत जातो.

यात नवी इमारत नाही, नवं महाविद्यालय नाही. आहे ते असं: एक ईसीजी यंत्र, ते वापरता येणारी परिचारिका, फ्रिजमध्ये तयार ठेवलेलं औषध, 108 ची गाडी आणि पलीकडे उत्तर देणारा तज्ज्ञ. भोर समितीला हवा असलेला मधला मजला म्हणजे साधारण हेच. जे हृदयासाठी जमलं ते पक्षाघातासाठी, अपघातासाठी आणि अवघड बाळंतपणासाठी कधी आणि कसं जमवायचं, हा खरा चर्चेचा विषय.

कार्ड काय विकत घेतं आणि काय नाही

अलीकडे राजकारणाचा सगळा जोर दीनदयाळ, आयुष्मानसारख्या कार्डांवर आहे. कार्डाचा फायदा खरा आहे. ज्या घराला बायपाससाठी जमीन विकावी लागली असती, ते घर त्यामुळे वाचतं. महाराष्ट्रानंही महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना उत्पन्नाची अट काढून सगळ्या कुटुंबांना खुली केली आणि संरक्षण 5 लाखांवर नेलं.

पण कार्ड पैसे देतं ते पॅकेजला: अमुक ऑपरेशन, अमुक रक्कम. जे पॅकेजमध्ये बसत नाही ते कार्डाला दिसत नाही. रक्तदाबाची रोजची गोळी, तीन महिन्यांनी करायची साखरेची तपासणी, डायलिसिसची पाळी येऊ नये म्हणून आधी दहा वर्षं घ्यायची काळजी, हे सगळं बाह्यरुग्ण विभागातलं काम. देशात लोकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशांचा मोठा भाग औषधांवर आणि अशा बाहेरच्या उपचारांवरच जातो. म्हणजे कार्ड घराला मोठ्या संकटातून वाचवतं, पण त्या संकटाकडे नेणारी वाट तशीच राहते. शिवाय जवळपास चांगलं इस्पितळच नसेल, तर 5 लाखांचं कार्ड असून उपयोग काय? बहुतेक मोठी खासगी इस्पितळं शहरांत आणि हमरस्त्यांवर. कार्ड आणि पैसा तिकडेच वाहतो.

सरकारचा स्वतःचा खर्चही ठरल्याइतका वाढला नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरणानं 2017 मध्ये ठरवलं होतं की 2025 पर्यंत सरकारचा आरोग्यखर्च देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांवर न्यायचा. 2021-22 मध्ये, कोविडचा वाढीव खर्च धरूनही, तो 1.84 टक्क्यांपर्यंतच पोहोचला होता.

आपला पेशंट, त्यांचा पेशंट

आरोग्यव्यवस्थेवरचा सगळ्यात कडू वाद पैशांवरून नव्हे, ‘आपले कोण’ यावरून होतो. गोव्यानं तो 2018 मध्ये घातला.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी हा महाराष्ट्रातल्या सिंधुदुर्गाचा टापू पिढ्यानपिढ्या उपचारासाठी गोव्यात येतो. दोडामार्गाहून डिचोली शेजारच्या गावासारखी. बांद्याहून पत्रादेवीची सीमा ओलांडली की पेडणे. 2018 च्या सुरुवातीला गोमेकॉत बिगरगोमंतकीय पेशंटकडून शुल्क घेण्याचा निर्णय लागू झाला. गोव्याची बाजू चुकीची होती असं म्हणता येणार नाही: कर गोव्याच्या लोकांचा, खाटा मोजक्या, आणि शेजारचं राज्य आपली जबाबदारी झटकतं. दोडामार्गातले लोक आंदोलनाला बसले. त्यांचीही बाजू तितकीच खरी होती: सोयरीक, नोकऱ्या, बाजार सगळं गोव्याशी, मग आजारपणातच सीमा का आडवी यावी? आमचा तालुका गोव्यालाच जोडा, इथपर्यंत मागणी गेली. तोडग्याचा विचार फिरला तो महात्मा फुले योजनेभोवती: उपचार गोव्यानं करावा, खर्च महाराष्ट्रानं द्यावा.

यातला धडा साधा पण महत्त्वाचा आहे. आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय, आजारी माणूस मात्र जवळचं इस्पितळ बघतो. पैसा पेशंटच्या मागोमाग सीमेपलीकडे गेला पाहिजे, नाहीतर तो वाद दोन सरकारांचा न राहता काउंटरवरच्या कारकुनाचा आणि नातेवाइकांचा होतो. 2021 मध्ये सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, हे योग्यच झालं. पण दोडामार्गकराला बांबोळी अजूनही सोयीची पडते, कारण नकाशा सरकारनं नव्हे, डोंगर आणि रस्त्यांनी काढलेला असतो.

वास्कोत हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं येतो. बायणा, मांगोर हिल, सडा या वस्त्यांत कामासाठी आलेली हजारो कुटुंबं आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना 5 वर्षं झाली नाहीत ती दीनदयाळच्या बाहेर. आणि याच वेळी कित्येक गोमंतकीय पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडातल्या स्विंडनसारख्या गावांत गेले आणि तिथल्या एनएचएसचे पेशंट झाले. युरोपीय नागरिक म्हणून त्यांना तो हक्क मिळाला. ब्रेक्झिटनंतर नव्यानं व्हिसावर जाणाऱ्या प्रौढाला आरोग्य अधिभार भरावा लागतो. 2024 पासून तो वर्षाला 1,035 पौंड आहे. परक्यानं फुकट का घ्यावं, हा बांबोळीत विचारला गेलेला प्रश्न तिथे आपल्या माणसांना विचारला जातो.

एनएचएसकडे आपण अनेकदा स्वर्ग म्हणून बघतो, तसं नाही. ती सुरू झाल्यानंतर तीनच वर्षांत चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरलं आणि त्याच मुद्द्यावर बेव्हन यांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. 2023 मध्ये इंग्लंडातली प्रतीक्षा यादी 77 लाखांच्या पुढे गेली. पोर्तुगालनंही 1979 मध्ये अशी सेवा उभी केली. आज तिथे दहा लाखांहून अधिक लोकांना कुटुंबाचा डॉक्टर मिळालेला नाही. बिल नसलं तरी रांग असते. फरक इतकाच की रांगेत पैशावरून पुढे-मागे होत नाही.

साथ आली तेव्हा

व्यवस्थेचे कप्पे किती कृत्रिम आहेत, हे कोविडनं दाखवलं. जून 2020 च्या सुरुवातीला वास्कोतलं मांगोर हिल हे गोव्यातलं पहिलं प्रतिबंधित क्षेत्र ठरलं. त्याआधी काही काळ गोवा हरित पट्ट्यात होता. मांगोरमध्ये उपयोगी पडलं ते घरोघर जाऊन तपासणारं सरकारी आरोग्यपथक. ते काम कुठल्याच विमा कार्डात बसत नाही, कारण तिथे पेशंट इस्पितळात येत नाही, इस्पितळ पेशंटकडे जातं. मडगावचं ईएसआय इस्पितळ, कामगारांच्या वर्गणीवर चालणारं, राज्याचं पहिलं कोविड इस्पितळ झालं. सैनिकाचं, कामगाराचं, बंदराचं अशी विभागणी विषाणूला मान्य नव्हती.

मग मे 2021 आला. 11 मेला पहाटे 2 ते 6 या वेळेत गोमेकॉत 26 कोविड रुग्ण दगावल्याचं खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. ऑक्सिजन राज्यात होता की नाही, यावर दावे-प्रतिदावे झाले. तो वेळेवर खाटेपर्यंत पोहोचत नव्हता, हे मात्र उघड होतं. सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरनं ओढून आणाव्या लागायच्या आणि त्या बदलताना ऑक्सिजनचा दाब कमी व्हायचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला रोजच्या रोज हिशेब मागावा लागला. त्यानंतर 20,000 लिटरची द्रवरूप ऑक्सिजनची टाकी तिथे बसली. अख्ख्या राज्याचा भार एकाच इस्पितळावर टाकला, की तिथली एक नळी कमजोर पडली तरी सगळं राज्य गुदमरतं.

वाद कशाचा घालायचा?

1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगालच्या एका खटल्यात निकाल दिला. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातली सरकारी इस्पितळं खाट नाही म्हणून एकामागून एक परतवत राहिली आणि शेवटी त्याला खासगीत पैसे भरावे लागले होते. तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणं, आणि पैसा नाही ही सरकारची सबब चालणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. राजस्थाननं 2023 मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला. हक्क कागदावर आला. तो चालवायला मात्र तालुक्यात माणसं लागतात.

म्हणून ‘सरकारी की खासगी’, ‘फुकट की पैसे घेऊन’ हे वाद आता जुने झाले. चारही दारं राहणार, हे मान्य करून त्यांच्यामधल्या भिंती कमी कशा करायच्या, ते बोलू या. ईएसआयचा कामगार चिखलीत तपासला गेला तर पैसे ईएसआयनं चिखलीला द्यावेत. दोडामार्गच्या पेशंटचे महाराष्ट्रानं बांबोळीला द्यावेत. नोकरी सुटली तरी तपासण्यांचा इतिहास माणसाबरोबर पुढच्या दारात जावा.

आणि येत्या निवडणुकीत उमेदवार दारात आला, तर नवं इस्पितळ कधी बांधणार, हे विचारू नका. त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. विचारा, आपल्या तालुक्याच्या इस्पितळात भूलतज्ज्ञाच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरल्या आहेत, आणि रविवारी रात्री ड्युटीवर कोण असतं. गेल्या महिन्यात किती पेशंट बांबोळीला पाठवले आणि त्यातले किती इथेच बरे होण्यासारखे होते, हा आकडाही दर महिन्याला इस्पितळाच्या फलकावर लावायला सांगा. तो आकडा खाली येऊ लागला, की व्यवस्था सुधारते आहे असं समजायचं. तोवर कार्डाचा रंग कुठलाही असो, फार काही बदललेलं नाही.